द्राक्षाच्या कंटेनरमधील थेट तापमान-नोंदक: एका हंगामाच्या वापरानंतर

दिंडोरी तालुक्यातील आमच्या पॅकहाऊसमधून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरमध्ये आम्ही वर्षानुवर्षे एकदाच वापरायचा यूएसबी तापमान-नोंदक ठेवत आलो. रॉटरडॅमला तो संगणकाला जोडला की आलेख मिळत असे, म्हणजे जे बिघडायचे ते बिघडून गेल्यावर. गेल्या हंगामात त्याऐवजी सिमकार्ड असलेले, तापमान, आर्द्रता, प्रकाश आणि ठिकाण यांची नोंद वाटेतूनच पाठवणारे यंत्र सहा कंटेनरमध्ये लावून पाहिले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारातील या जातीची यंत्रे साधारण एकाच पद्धतीने चालतात.

गरज खरी आहे, याबद्दल शंका नाही. द्राक्षाला शून्य ते एक अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता सलग मिळावी लागते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, तेव्हा देठ हिरवे ठेवणे आणखी अवघड झाले. खोका कोणत्या प्लॉटचा आहे हे २००६ पासून ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षबागांच्या नोंदणीची सरकारी ऑनलाइन प्रणाली सांगते, तर कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे २०१६ पासून त्यावरच्या आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या) टॅगमुळे कळते. मधल्या काळात मणी किती गार होता, हे मात्र या दोन्हींतून कळत नाही. ती फट हे यंत्र भरते.

तळहाताएवढा हा डबा दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटवर, वरच्या थरात चिकटवायचा असतो, कारण कंटेनर थंड ठेवणाऱ्या मशीनपासून सर्वांत दूरची ती जागा सहसा सर्वांत उबदार असते. बटण दाबून हिरवा दिवा लागला की काम झाले, आमच्या पॅकिंगच्या मुलींनीही ते पहिल्याच दिवशी आत्मसात केले. जाहिरातीतला ‘थेट’ हा शब्द मात्र रस्ता आणि यार्डापुरताच खरा आहे. भर समुद्रात मोबाइलचे नेटवर्क नसते, त्यामुळे यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि पुढच्या बंदरात रेंज आली की एकदम पाठवते. विक्रेत्याने हे आपणहून सांगितले नाही, आम्ही विचारले तेव्हा कबूल केले.

तिसऱ्या कंटेनरच्या वेळी रात्री दोन वाजता माझा फोन वाजला. आतले तापमान ३.८ अंशांवर गेले होते आणि नकाशावर ट्रेलर कसारा घाट उतरून शहापूरजवळ थांबलेला दिसत होता. त्या मशीनला वाटेत वीज पुरवणारा जेनसेट (जनित्र) बंद पडला होता आणि चालक ढाब्यामागे गाढ झोपला होता. त्याला उठवून जेनसेट सुरू करून घ्यायला पाऊण तास लागला. जुन्या नोंदकावर हेच आम्हाला दीड महिन्याने कळले असते. एवढ्या एका रात्रीत यंत्राचा हंगामभराचा खर्च वसूल झाला, असे मी मानतो.

पाचव्या कंटेनरचा अनुभव याहून बोधक, आणि आमच्यासाठी बराच खजील करणारा. मशीनमधून येणारी हवा उणे अर्ध्या अंशाची असूनही आमचा डबा पहिले दोन दिवस ३ अंशांच्या खाली येईना. शिपिंग कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसलो आणि सहज म्हणून प्रीकूलिंगची (भरण्याआधी माल गार करण्याची) वही उघडली, तर शेवटचे चार पॅलेट मण्याचे तापमान पुरेसे उतरण्याआधीच बाहेर काढल्याचे दिसले, कारण बंदराची कट-ऑफ वेळ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, गाठायची होती आणि गाडी दारात उभी होती. रीफर, म्हणजे शीत, कंटेनर माल गार ठेवतो, गार करत नाही, हे आम्ही नवख्यांना शिकवतो आणि स्वतःच विसरलो. पत्र पाठवले नाही. अडचण एवढीच की तोच आलेख त्याच वेळी आयातदाराच्या पडद्यावरही होता, आणि माल पोहोचण्याच्या दोन आठवडे आधीच दर कमी करण्याची त्याची मेल येऊन पडली. पूर्वी अशा वेळी घासाघीस करायला जागा असे, ती आता उरलेली नाही.

त्रुटी पुष्कळ आहेत. सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिसतात, म्हणून दुपारी साडेतीनला भरलेला कंटेनर आलेखात सकाळी दहाचा दिसतो आणि वाहतूकदाराशी बोलताना दर वेळी साडेपाच तास मिळवावे लागतात. बंदरात तपासणीसाठी दार उघडले की प्रकाशाचा सेन्सर चोरी झाल्यासारखा दर पंधरा मिनिटांनी संदेश पाठवत राहतो. ॲप फक्त इंग्रजीत आहे. वापरून झालेले यंत्र परत घेण्याची सोय नाही, त्यामुळे लिथियम बॅटरीसकट ते परदेशातच टाकून दिले जाते. कोलकात्याला जाणाऱ्या देशांतर्गत गाड्यांत तर दर पाहता ते परवडणारच नाही.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. पॅकेजमध्ये लॉगिन दोनच मिळतात, एक निर्यातदाराला आणि एक आयातदाराला. ज्याच्या प्लॉटच्या नोंदणीवर हा सगळा डोलारा उभा आहे त्या बागायतदाराला आलेख दिसत नाही, कपात मात्र त्याच्याच हिशेबपट्टीत येते. येत्या हंगामात युरोपच्या प्रत्येक कंटेनरमध्ये हे यंत्र लावायचे आम्ही ठरवले आहे, मात्र बागायतदारासाठी फक्त पाहण्यापुरते तिसरे लॉगिन मिळाले पाहिजे, असे विक्रेत्याला लेखी कळवले आहे. त्याचे वेगळे पैसे पडतील, असे त्याचे उत्तर आले आहे.