डी-टू द्रावण: थडग्यांच्या शिळांवरच्या शेवाळासाठी उत्तम, पण घाई असणाऱ्यांसाठी नाही

जुन्या, पडीक दफनभूमीची बाग करायला घेतली की झाडोरा साफ होताच सगळ्यांचे हात शिळा घासायला शिवशिवतात. खरी नासाडी तिथेच होते. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, प्रेशर वॉशर तिन्ही बाद. ब्लीचने दगड पांढराफेक दिसतो, पण क्षार छिद्रांत राहतात आणि सुकताना त्यांचे स्फटिक होऊन वरचा थर उडतो.

डी-टू बायॉलॉजिकल सोल्यूशन या अमेरिकी द्रावणात ब्लीच किंवा अ‍ॅसिड नाही. त्यातली अमोनियम संयुगं शेवाळ, बुरशी आणि दगडफूल मारतात (हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद). ते तयार येतं, त्यात पाणी मिसळू नये.

आधी शिळेवर हलकेच टकटक करा. पोकळ वाजली किंवा संगमरवर साखरेसारखा झडत असेल, तर ब्रश लावूच नका. एरवी शिळा साध्या पाण्याने चिंब भिजवून खालून वर फवारा. वरून सुरुवात केली तर ओघळांचे पट्टे उठतात. १० ते १५ मिनिटांनी मऊ नायलॉन ब्रश, मग भरपूर पाणी. कडक उन्हात द्रावण दगडावरच वाळतं, म्हणून सकाळी किंवा सावलीत काम करा. ३.८ लिटरचा कॅन २५० ते ३५० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे दोन्ही बाजू धरून मध्यम आकाराच्या वीसेक शिळा.

नाजूक शिळेवर नुसतं फवारून सोडून द्यावं. काही आठवड्यांत ऊन-पावसाने रंग उजळत जातो. मधे दगड नारिंगी दिसला तर घाबरून पुन्हा घासू नका, मरणाऱ्या दगडफुलाचा तो रंग तात्पुरता असतो.

गंजाचे डाग आणि धुराची काळी खपली मात्र याने जात नाही. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत (१७६७) थडगी विटांची, वर चुन्याचा गिलावा. तिथे काम गवंड्याचं आणि चुन्याचं, बाटलीचं नव्हे.

फवारण्याआधी आणि नंतर भोवतालचं गवत भिजवा. जवळ तळं असेल तर टाळाच, जलचरांना हे घातक आहे. आणि सगळ्या शिळा धुवू नका. ब्रिटनमधल्या चर्चच्या आवारांत दगडफुलाच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. अक्षरं वाचता येत नाहीत तेवढ्याच शिळा निवडा. डी-टूला माझे गुण: पाचपैकी चार.