नागपुरात घरी येऊन होणारी कूलर सर्व्हिस: काय चांगलं, काय तपासून घ्यायचं

होळी आटोपली की नागपुरात चौकाचौकांत वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्यांचे ढीग लागतात आणि घरी येऊन लोखंडी कूलर तयार करून देणाऱ्या मिस्त्रींचा हंगाम सुरू होतो. सेवा गरजेची आहे आणि चांगली करणारे लोक आहेत. पण पुष्कळदा तीन ताट्या बदलल्या, टाकीवर फडकं मारलं की मिस्त्री निघतो. एवढ्याला सर्व्हिस म्हणून पैसे देऊ नयेत.

तयार ताटी आणून अडकवणाऱ्यापेक्षा सुटं वुडवूल तुमच्या फ्रेममध्ये भरून देणारा केव्हाही बरा. वुडवूल भिजलं की खाली बसतं, वर दोन-तीन बोटांची फट पडते आणि पंखा कोरडी हवा त्या फटीतून ओढतो. मग नवीन ताट्या असूनही झळा येतात. म्हणून वरच्या भागात दाबून भरायला सांगा. थर फार जाडही नको, हवा अडते. ताटी उजेडाकडे धरली तर थोडा प्रकाश आरपार दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी पाणी पिवळं निघतं आणि वास मारतं. पंखा बंद ठेवून तासभर पंप चालवायचा आणि ते पाणी काढून टाकायचं. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी) दोन-तीन हंगाम टिकतं, पण बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या भोकांत बसले की निघता निघत नाहीत. बोअर असलेल्या घरात वुडवूलच घ्यावं.

खरी पारख ताटीच्या वरच्या नळीपाशी होते. तिची भोकं क्षारांनी बुजतात आणि ताटीवर कोरडे पट्टे राहतात. चांगला मिस्त्री प्रत्येक भोक खिळ्याने मोकळं करतो, पंप लावून दहा मिनिटं थांबतो आणि तिन्ही ताट्यांवरून हात फिरवून बघतो. स्टँड एका बाजूला कललेला असेल तर पाणीही त्याच बाजूला जातं, हे बघणारे फार थोडे. पंपाला नायलॉनची जाळी बांधून घ्या, नाहीतर वुडवूलचे तंतू आत जाऊन तो जाम होतो. कोरडा चालला की कॉइल जळते. मे महिन्यात मोठा कूलर तासाला 15 ते 20 लिटर पाणी पितो, म्हणजे 80 लिटरची टाकी रात्र काढत नाही. टाकीत पाणी आपोआप भरणारा बॉल कॉक नीट चालतो का, हे त्याच भेटीत तपासून घ्यावं.

पंखा हळू फिरतो म्हटलं की काही जण लगेच मोटर वाइंडिंगला, म्हणजे कॉइल पुन्हा गुंडाळायला, न्यायला निघतात. आधी कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा सुटा भाग) बदलायला सांगा. बटण दाबल्यावर मोटर गुणगुणते आणि काडीने पातं ढकललं की फिरायला लागते, तर दोष बहुधा कंडेन्सरचाच. वीज बंद असताना पातं हाताने जड फिरत असेल तर बुश (मोटरच्या दांड्याभोवतीची कडी) गेलं आहे. मोटर तापून जळका वास येत असेल तरच वाइंडिंगचं बोला.

अर्थिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि जीव त्यातच जातो. तीन पिनचा प्लग, बॉडीला घट्ट कसलेली हिरवी वायर, आणि पंपाच्या वायरचा जोड टाकीत लोंबकळता न ठेवता पाण्यापासून दूर, वर बांधलेला: हे तिन्ही आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. घरच्या बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. तरीही पाणी भरताना प्लग काढायचाच.

अ‍ॅपवरून येणारी मुलं वेळ पाळतात, बिल देतात, प्लास्टिकच्या कंपनी कूलरला ठीक. लोखंडी कूलरच्या मापाची फ्रेम, पातं किंवा नळी मात्र चौकातल्या मिस्त्रीकडेच मिळते. त्याला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बोलवा आणि ताटीचा दर, मजुरी, सुटे भाग वेगवेगळे ठरवून घ्या. एप्रिलनंतर तो घाईत असतो, नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर फोनही उचलत नाही.

गारवा कमी वाटला म्हणून प्रत्येक वेळी मिस्त्रीला दोष देऊ नये. 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असली तर उत्तम कूलर 27 अंशांच्या आसपास हवा देतो. जूनच्या मध्यात 36 अंशांना 60 टक्के आर्द्रता झाली की तोच कूलर 30 अंशांच्या खाली उतरत नाही. समोरची खिडकी बंद असेल तर मे महिन्यातही खोली दमट होते.

दर आठवड्याला टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासाव्या लागतात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणूनच पावसाळ्यात कूलर बंद करायची सर्व्हिसही याच मिस्त्रीकडून ठरवून घ्यावी: ताट्या फेकणं, टाकी घासून वाळवणं, गंजलेल्या तळाला रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग, बुशला तेल, आणि पंप काढून घरात ठेवणं.