लोह, बी१२ आणि डी: बरेच महिने गोळ्या घेतल्यानंतर

रिपोर्टमधला आकडा आणि अंगातली ताकद एका वेगाने सुधारत नाहीत. या गोळ्यांबद्दल लिहिणारे बरेच जण इथेच गंडतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून एक स्टार देतात, नाहीतर आकडा वर आला म्हणून गोळीच सोडतात. म्हणून मुद्दाम उशिरा लिहितोय.

पार्श्वभूमी थोडक्यात: वर्षानुवर्षं सकाळचं खाणं नाही, नंतर पाव, बिस्किटं, तळलेलं, हाताला लागेल ते, आणि दिवसभर चहा-कॉफी. वजन ठीक होतं, त्यामुळे कुपोषणाचा संशय कुणालाच आला नाही. मग जिना चढताना धाप, पायांना मुंग्या, दुपारी डोळ्यांवर झापड. तपासणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा), बी१२ आणि डी तिन्ही खाली.

गंमत म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, अगदी नॉर्मल. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असेल तर सरासरी मध्येच कुठेतरी येते आणि सगळं आलबेल दिसतं. पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू मात्र वाढलेला होता. डॉक्टरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

शिवाय ‘खाणं वाईट होतं’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पुरुषाचं फेरिटिन इतकं खाली असेल तर पोटातून किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना, हे आधी पाहावं लागतं. माझ्या शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही. ॲसिडिटीची गोळी मी बरीच वर्षं घेत होतो, ती मात्र त्यांना महत्त्वाची वाटली. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ नीट सुटं होत नाही आणि लोहाचं शोषणही घटतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी१२ कमी होऊ शकतं.

आता गोळ्या. सर्वांत त्रास लोहाने दिला. मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शौच. शेवटचं निरुपद्रवी असतं, पण आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. डॉक्टरांनी मग एक दिवसाआड घ्यायला सांगितलं. लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढच्या डोसचं शोषण अडवतं, त्यामुळे रोज घेऊन त्या प्रमाणात जास्त पदरात पडत नाही. पोट बऱ्यापैकी शांत झालं. चहा-कॉफी गोळीपासून लांब ठेवली आणि कॅल्शियमची वेळ बदलली. माझ्या मते ब्रँडपेक्षा या वेळा पाळणं जास्त कामी आलं. हिमोग्लोबिन आधी सुधारलं, फेरिटिन मागून रेंगाळत आलं. म्हणूनच हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने लोह चालू ठेवायला सांगतात.

बी१२ची सुरुवात इंजेक्शनने, नंतर १००० मायक्रोग्रॅमची गोळी. प्रौढाची रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, त्यामुळे हा आकडा वेड्यासारखा वाटतो. पण एवढ्या मोठ्या डोसमधलं जेमतेम एक टक्का आत जातं, आणि तेवढं पुरतं. थकवा लवकर हटला, मुंग्यांनी काही महिने घेतले. बी१२च्या गोळ्यांचे मिथाइल आणि सायनो असे दोन प्रकार मिळतात; त्यातलं कुठलं चांगलं, यावर लोक हिरिरीने भांडतात; मी दोन्ही वापरली, फरक शून्य. एक गोष्ट मात्र गंभीर आहे: बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

डीची आठवड्याची मोठी कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर घेतली, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं शोषलं जातं. आकडा छान वाढला, अंगाला काहीच जाणवलं नाही. आठवड्याची कॅप्सूल चुकून रोज घेणारी माणसं असतात. त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं.

केसांसाठीच्या रंगीत गोड गमी मी बंद केल्या. त्यांत बहुधा भरपूर बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) असतं आणि त्याने थायरॉइडच्या, अगदी हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिनच्या चाचण्याही चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली तसा इशारा दिला होता.

खाणंही बदललंय. सकाळी अंडी किंवा डाळीचं काहीतरी, पालेभाजी, वर लिंबू. दुपारची झापड गेली ती गोळ्यांनी की या खाण्याने, हे वेगळं काढता येत नाही.

सध्या लोह बंद, बी१२ चालू, डी कमी मात्रेत, आणि ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवली आहे. फेरिटिन पुन्हा तपासायचंय. गोळीशिवाय ते टिकलं तर ठीक. घसरलं तर आतड्यांची तपासणी पुढे ढकलायची नाही, असं डॉक्टरांशी ठरलंय.