‘सगळं जमेल ताई’ म्हणणारा होमस्टे

कोकणात व्हीगन माणसाची, म्हणजे मांस-मासे-अंडीच काय, दूध-तूप-मधही न खाणाऱ्याची, उपासमार होते, ही समजूत खोटी आहे. जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर वालाचं बिरडं असतं, तांदळाची भाकरी असते, नारळाच्या दुधाची सोलकढी असते. कुणी हौशी भेटलं तर भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटीसुद्धा मिळते, चिकन-अंडी न घातलेली. अडचण येते ती हे सगळं आधी फोनवर ठरवताना. दूध नको, दही नको, तूप नको, मधही नको म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प होतो. मग ‘बघतो’ म्हणतो आणि पुन्हा फोन उचलत नाही. नेमकी ही अडचण हेरून गळ टाकणारे लोक आता निघाले आहेत. आम्हाला त्यांनी अकरा हजारांना गंडवलं. तुम्ही जैन असा, पथ्याचं खाणारे असा किंवा माझ्यासारखे व्हीगन, सुट्टीचं बुकिंग करण्याआधी एवढं वाचा.

२६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे जोडून सुट्टी होती. नवऱ्याला चौल-रेवदंडा आणि जंजिरा नीट बघायचा होता, सासूबाईंना समुद्र हवा होता आणि मला तिन्ही वेळ धड जेवण. मी आठवडाभर फोन करत होते. आक्षीच्या एका बाईंनी सरळ सांगितलं, “दूध नाही घेत? मग चहा कसला पिता? हे बघा, डाळ-भात, बिरडं, भाकरी एवढं देईन. मोदकाला तूप लागतंच, ते मला जमायचं नाही.” नागावच्या एकांनी ‘म्हणजे उपवासाचं का’ असं विचारलं. ते हसले, मीही हसले. पण दोन्हीकडे खोल्या भरलेल्या होत्या.

मग ते पान दिसलं. ‘मुरूडमधला व्हीगन होमस्टे, समुद्रापासून चालत तीन मिनिटं.’ फोटो इतके साधे होते की शंका यायला जागाच नव्हती. नारळी-पोफळीची वाडी, शेणानं सारवलेलं अंगण, रहाटाची विहीर, एक कोपरा उडालेलं तुळशीवृंदावन. खाली कौतुकाचे अभिप्राय. नंबरावर मेसेज टाकला आणि दोन मिनिटांत फोन आला. मराठी शुद्ध, आवाज मवाळ.

मी जे जे विचारलं त्याला उत्तर एकच: “सगळं जमेल ताई.” मोदक तुपाशिवाय? जमेल, खोबरेल लावतो. चहाला ओटचं दूध? असतंच आमच्याकडे. वेगळी भांडी? स्वयंपाकघरच वेगळं आहे. लगेच व्हॉट्सॲपवर मेनू आला: बिरडं, फणसाची भाजी, घावन आणि नारळाचा रस, सोलकढी ‘ताक न घालता’. ही शेवटची खुबी वाचून तर मी भारावलेच, कारण काही हॉटेलांत सोलकढीत ताक ढकलतात हे फक्त खाणाऱ्याला किंवा करणाऱ्यालाच ठाऊक असतं. आता वाटतं, या माणसानं व्हीगन लोकांच्या तक्रारी वाचून अभ्यास केला असणार. आम्ही जिथे जिथे अडतो तिथे तिथे त्यानं आधीच चटई अंथरून ठेवली होती.

सगळे मिळून बारा हजार ठरले, निम्मे आगाऊ. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर नाव आलं ते कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. विचारलं तर म्हणाला, “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे ताई, जीएसटीचं बिल तिकडूनच निघतं.” सहा हजार गेले. बुकिंगची पावतीही आली, शिक्क्यासकट.

शुक्रवारी रात्री पुन्हा फोन. गर्दीच्या सुट्टीत लोक खोल्यांची नासधूस करतात, म्हणून पाच हजार अनामत, चावी घेताना परत. रात्री दहाला आयत्या वेळी दुसरीकडे कुठे खोली मिळणार? पाठवले.

शनिवारी सकाळी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना तिसरा फोन आला. अनामत ‘सिस्टीममध्ये मॅच होत नाही’, त्यामुळे बुकिंग अडकलंय. आता ५,००१ रुपये पाठवा म्हणजे आधीचे पाच हजार आणि हे, दोन्ही आपोआप परत येतील. पाठोपाठ क्यूआर कोड आला. “ताई, स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होईल.”

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि माझ्या हातातून फोन घेतला. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. यूपीआयचा पिन फक्त पैसे जाताना लागतो, किंवा शिल्लक बघताना. त्यानं हे ऐकवल्यावर मवाळ आवाज एकदम बदलला. “मग बुकिंग कॅन्सल, पैसे विसरा.” फोन बंद, नंबर ब्लॉक.

तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर चालणारा हा क्रमांक तुमच्या फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. लाइन लागायला वेळ गेला, पण समोरच्या मुलीनं व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँक एवढं पटापट विचारून घेतलं आणि तक्रारीचा नंबर पाठवला. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण केली, बँकेलाही कळवलं. घाई का, ते पुढे कळलं. चोराच्या खात्यात आलेले पैसे तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. वाटेतल्या ज्या खात्यात ते अजून असतील तिथेच बँकेला थांबवता येतात. आमच्या आदल्या रात्रीच्या पाच हजारांतले साडेतीन हजार असे अडवले गेले. आधीचे सहा हजार केव्हाच पसार झाले होते. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे हा अनधिकृत व्यवहार नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा ग्राहक-संरक्षणाचा नियम आहे, पण तो तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले तर. राजीखुशीनं पाठवलेल्या पैशांना तो लागू नाही, असं उत्तर लेखी मिळालं.

तरीही आम्ही मुरूडला गेलो. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून, कोर्लई, काशीद करत दुपारी दिलेल्या पत्त्यावर पोहोचलो. घर होतं! विहीर होती, रहाट होता, वृंदावनाचा उडालेला कोपरासुद्धा होता. फाटकाशी एक वयस्कर काकू काठी घेऊनच उभ्या होत्या.

“तुम्हीपण त्या व्हीगनवाल्या का?” त्यांनी विचारलं. सकाळपासून आमची तिसरी गाडी. पहिल्या गाडीतल्या लोकांनी काकूंनाच चोर ठरवून अंगणात आरडाओरडा केला होता. काकूंनी खोल्या देणं केव्हाच बंद केलंय. जुन्या पाहुण्यांनी कधीतरी नेटवर टाकलेले फोटो उचलून कुणीतरी हा उद्योग चालवला होता. “आणि आमच्याकडे रोज बांगडा असतो हो,” त्या म्हणाल्या, “कसलं व्हीगन नि काय!” पाणी दिलं, गूळ दिला, पण चेहऱ्यावरची भीती जाईना. फसवणूक आमची झाली, पण चारचौघांत अब्रू त्यांची जात होती. नवरा त्यांना घेऊन मुरूड पोलीस ठाण्यात गेला आणि त्यांचा वेगळा अर्ज दिला. तुमच्या घराचे फोटो असे कुठे फिरताना दिसले तर तुम्हीही तसाच अर्ज देऊन ठेवा. उद्या कुणी तुमच्या दारात येऊन भांडलं तर तो कागद कामाला येतो.

मुरूडमध्ये त्या दिवशी खोली मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी आक्षीच्या त्या ‘जमायचं नाही’ म्हणणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांच्या नणंदेच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती. आगाऊ रक्कम विचारली तर म्हणाल्या, “या आधी, मग बघू.” रात्री बिरडं वाढताना त्यांनी स्वतःहून सांगितलं की फोडणी तेलाची आहे, पण कढई घरातलीच, वेगळी वगैरे नाही, चालत असेल तर खा. मला चाललं.

रविवारी चौल-रेवदंडा झालं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात याच चौलला उतरला होता. पोर्तुगिजांचा तो पडका सातखणी मनोरा, १७४० साली मराठ्यांकडे आलेला रेवदंड्याचा कोट, हे सगळं नवऱ्याकडून सविस्तर ऐकलं. सोमवारी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा. कलाल बांगडी तोफेजवळ उभ्या राहून सासूबाई म्हणाल्या, “सिद्दीनं तीनशे वर्षं किल्ला राखला, आणि तुम्हा दोघांना अकरा हजार राखता आले नाहीत.” यावर काय बोलणार!

परतीच्या वाटेवर छोटा फटका बसलाच. एका खाणावळीच्या दारावर हिरवं ‘व्हीगन’ स्टिकर होतं. सोलकढी प्यायले आणि जिभेला ताक कळलं. मालक म्हणाला, “हिरवा ठिपका आहे ना मॅडम!” हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध-तूप सगळं येतं. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे, पण ते पाकीटबंद मालावर बघायचं. हॉटेलच्या दारावर लावलेल्या स्टिकरला काडीचा आधार नसतो. ‘ताक आहे का’ असं नाही विचारायचं, ‘कढी पांढरी कशानं केलीत’ असं विचारायचं. खरं उत्तर येतं.

होमस्टेच्या बाबतीत मी आता तेच करते. अट घालते आणि समोरचा कुठे अडतो ते बघते. खरी घरं अडतात. ओटचं दूध मुरूडच्या कुठल्या दुकानात मिळतं, आज कोणती भाजी आहे, घराच्या शेजारी कोण राहतं, असले प्रश्न विचारले की नुसता मेनू पाठ केलेला माणूस गडबडतो. शिवाय व्हिडिओ कॉल लावून विहीर दाखवा म्हणायचं. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागवायचा. आणि यूपीआयवर दिसणारं नाव घरमालकाच्या नावाशी जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवायचा नाही. अनामत, मॅचिंग, रिफंड हे शब्द आले की फोन ठेवायचा.

आमचे अडवलेले साडेतीन हजार अजून त्या खात्यातच आहेत. ते सोडवायला अर्ज केलाय. ते पान दोन दिवसांत गायब झालं होतं. परवा पुन्हा दिसलं, नवं नाव, नवा नंबर, आणि आता गाव दिवेआगर. विहीर तीच, रहाट तोच, वृंदावनही तेच. फक्त मेनू बदललाय: शुद्ध जैन भोजन, कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत, सूर्यास्तापूर्वी जेवण. पानाचा पत्ता आणि नंबर जुन्या तक्रारीला जोडलाय, काकूंनाही कळवलंय.