आबांच्या पेटीतला तीन नंबरचा डाय

आमचे आबा लालबाग-परळच्या चाळींमध्ये आयुष्यभर नळाची कामं करत. ते गेल्यावर त्यांची लाकडी पेटी माळ्यावर तशीच राहिली. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली आणि पेटी खाली उतरवावी लागली. आत दोन पाईप पाने, पाईप घट्ट धरून ठेवायचा व्हाइस, ज्योतीने तापवायचा पितळी ब्लोलॅम्प, बिडाच्या पाईपचे जोड भरताना शिसं ओतायची पळी आणि पाईपवर आटे पाडायचा डाय सेट, म्हणजे आटे कापणारे सुटे तुकडे (डाय) आणि ते बसवायची दांडी. मुलीने सगळ्याचे फोटो काढून जाहिरात टाकली.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. गोड बोलणारे. चपला बाहेर काढल्या, आबांच्या फोटोला हात जोडले. आईला तिथेच विश्वास वाटला, मलाही.

मोठा पाना हातात घेऊन ते म्हणाले, "दादा, हा स्टिल्सन पाना आहे, 1869 चा. वीस हजाराला कुठे मरण नाही." बाकी सगळं त्यांच्या मते भंगार. मग त्यांनी डाय सेट उघडला, तुकडे सुटे करून वर्तमानपत्रावर मांडले आणि पाणी मागितलं. मी आत गेलो. परत आलो तर ते मान हलवत होते. "यात एक डाय नाही हो. तीनच आहेत. चार असल्याशिवाय आटे पडत नाहीत. वजनावरच जाईल हे."

डाय सेट, ब्लोलॅम्प आणि पळी मिळून त्यांनी 1,400 रुपये दिले. पान्यासाठी मोठं गिऱ्हाईक आणतो, पण आधी तपासणीचा दाखला लागेल म्हणून माझ्याकडून 2,500 रुपये यूपीआयने घेतले. म्हणजे आमच्याच घरातल्या वस्तू नेल्या आणि वर 1,100 रुपयेही आमचेच गेले. व्हाइस जड, उद्या टेम्पो आणतो म्हणाले. त्यानंतर फोन बंद.

आठवड्याने आबांचे जुने जोडीदार काका भेटायला आले. पहिला प्रश्न, "डायचा सेट कुठाय रे?" मी सांगितलं. त्यांनी मुलीच्या मोबाइलवर जाहिरातीतला फोटो मोठा करून बघितला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. फोटोत चार डाय होते. आकडे वाचता येत होते, 1, 2, 3, 4.

काकांनी मग समजावलं. प्रत्येक डायवर आकडा असतो, तो दांडीत बसतो त्या खाचेवरही तोच आकडा असतो. क्रम चुकला तर आटे धड पडत नाहीत. आपल्याकडच्या पाईपला अर्धा आणि पाऊण इंचीला इंचात 14 आटे, एक इंचीला 11, म्हणून आबांचा तो एकच सेट दोन मापांना चालायचा. त्या गृहस्थांच्या खिशात गेलेला तुकडा तीन नंबरचा असावा, कारण तो गेल्यावर उरलेले 1, 2 आणि 4 मी बघितल्याचं मला आठवतं. तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ मला कळला नव्हता.

पान्याचंही तसंच. 1869 हे डॅनियल स्टिल्सन यांच्या अमेरिकेतल्या पेटंटचं वर्ष. त्या घडणीचे पाने पुढे कितीतरी कारखान्यांनी काढले, आजही काढतात. पेटंटचं वर्ष हे आपल्या हातातल्या पान्याचं वय नव्हे. काकांनी रॉकेल लावून गंज पुसला तेव्हा 'मेड इन इंग्लंड' दिसलं. वापरातला चांगला पाना, पण वीस हजाराचा नाही. भंगार ठरवलेल्या व्हाइसवर मात्र 'रेकॉर्ड' हे नाव निघालं, शेफिल्डच्या जुन्या कारखान्याचं. त्याला मागणी असते, असं काका म्हणाले. तो जड होता म्हणूनच वाचला.

मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही लेखी दिलं. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती उघडायच्या आधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. सुट्या भागांचे आकडे वहीत लिहा, फोटो काढा आणि माणूस समोर असताना तिथून उठू नका. जो विकत घेणार आहे, त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नका. दाखल्याचे पैसे आधी मागितले तर तिथेच थांबा. पितळ घासून चकचकीतही करू नका, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना ते आवडत नाही.

आबांनी आपली ओळख म्हणून सेटच्या दांडीवर पंचने तीन टिंबं ठोकली होती, एका ओळीत. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा सेट कुणाला दिसला, चारही डायसह, तर कृपा करून कळवा. मी पैसे देऊन परत घेईन.