दाढीचा फेस गरम ठेवायला स्कटल घ्यावा की साधी वाटी गरम पाण्यात ठेवावी?

ब्रशने फेस करून दाढी करणाऱ्यांना माहितीये, पहिला हात गरमागरम आणि दुसऱ्या हातापर्यंत फेस गारढोण. फेसात बहुतेक हवाच असते, तो उष्णता धरणार तरी किती, म्हणून खालून सतत ऊब मिळायला हवी.

स्कटल म्हणजे दुहेरी भिंतीचा चिनी मातीचा मग, मधल्या पोकळीत गरम पाणी आणि वरच्या खोलगट भागात फेस. चिनी माती हळू तापते पण हळूच निवते, त्यामुळे तीन हात आरामात होतात. फक्त आधी एकदा गरम पाणी भरून दोन मिनिटं ठेवायचं आणि ते ओतून परत नवीन भरायचं, नाहीतर पहिल्या पाण्याची सगळी ऊब मातीच पिऊन टाकते. नाजूक असतो, ओल्या हातातून सटकला की संपलं.

दुसरा उपाय, बेसिनमध्ये गरम पाणी घेऊन त्यात स्टीलची वाटी. स्टील लगेच तापतं, खर्च शून्य, पण पाणी उघडं असल्याने लवकर निवतं आणि वाटी हलकी म्हणून ब्रश फिरवताना तरंगत कलंडते, एका हाताने धरूनच ठेवावी लागते.

दोन्हीकडे उकळतं पाणी नको हं, फेसाचे बुडबुडे फुटतात, तो पातळ होऊन गालावर पटकन वाळतो.

रोज निवांत दाढी करत असाल तर माझं मत स्कटललाच, घाईत एकच हात मारणाऱ्याला वाटी पुरते.