गॅसवरचा बाटी ओव्हन : रोडग्यांसाठी कितपत कामाचा?

रोडगे, म्हणजे आत पदर असलेले कणकेचे जाड भाजलेले गोळे, म्हटले की शेतात गोवऱ्यांचा आर, चुलीवर वांग्याच्या भाजीचा गंज आणि जेवायला निम्मं गाव. चार माणसांच्या घरात एवढा पसारा कोण मांडणार? तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी अ‍ॅल्युमिनियमचा गोल बाटी ओव्हन मिळतो, तो इथं उपयोगी पडतो. बुडाला मधोमध भोक असलेली तबकडी, तिच्यावर जाळी, वर भोकांचं झाकण. विजेचं काम नाही, त्यामुळे लाइन गेली तरी जेवण अडत नाही. आणि पावसाळ्यात, गोवऱ्या ओल्या असतात तेव्हा, याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पोळ्यांच्या जेवणात एक बाई शेवटच्या ताटापर्यंत तव्यापाशी उभी असते. यात सगळे रोडगे एकदम उतरतात, गॅस बंद होतो आणि तीही पंगतीत बसते. या भांड्याचा मोठा गुण हाच. चवीचं नंतर बघू.

28 सेंटिमीटरच्या ओव्हनमध्ये 8 रोडगे बसतात, म्हणजे चौघांना पुरतात. त्यासाठी 600 ग्रॅम जाडसर दळलेली गव्हाची कणिक, 75 ग्रॅम तेलाचं मोहन, एक चमचा ओवा, चवीपुरतं मीठ. कोपरात (परातीत) आधी मोहन चोळून घ्या. मूठ वळली की मग पाणी लागेल तसं, तेही बेताबेतानं. गोळा पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. सैल झाला तर पदर एकमेकांत मिसळतात आणि आत नुसता लगदा राहतो. अर्धा तास झाकून ठेवा.

एका रोडग्याला तीन लहान पुऱ्या आणि एक मोठी. लहान पुऱ्यांना काठापर्यंत तेल लावून कोरडं पीठ भुरभुरा, एकावर एक ठेवा आणि मोठ्या पुरीत मोदकासारख्या बांधा. दहा-बारा वर्षांच्या पोरापोरींच्या हाती द्यायचं काम हेच. ज्यानं बांधला त्यानं आपल्या रोडग्यावर नखानं खूण करायची. तोंड नीट दाबलं नसेल तर भाजताना तेल गळून तबकडीवर धूर होतो आणि कोणाचा उघडला ते खुणेवरून कळतं. मग सांगावं लागत नाही, पुढच्या रविवारी तोंड आपोआप घट्ट बसतं. पोरगा असो की पोरगी, लाटणं दोघांच्याही हाती द्या.

रिकामा ओव्हन मध्यम आचेवर 5 मिनिटं तापवा, मग आच अगदी बारीक. रोडगे कडेनं गोल मांडा. मधली जागा मोकळी सोडा, तिथं ज्वाळ सरळ लागते. दर 8 मिनिटांनी चिमट्यानं फिरवा, एकूण 35 ते 40 मिनिटं. घाई करून आच वाढवली की वरून काळा, आतून कच्चा. सगळ्यात जास्त होणारी चूक ही. अंगावर बारीक तडे पडले आणि टिचकी मारल्यावर कडक आवाज आला की झाला. तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर वांगी, भेदरं (टोमॅटो), भरपूर लसण आणि वरून सांबार (कोथिंबीर) टाकून भाजी होते.

उणिवा आहेत. झाकणाची मूठ उष्णतेनं सैल होते, तिचा स्क्रू अधूनमधून आवळावा लागतो. पातळ पत्र्याच्या ओव्हनचं बूड वाकतं आणि एका बाजूचेच रोडगे जळतात. म्हणून घेताना दुकानात सपाट फरशीवर ठेवून डगमगतो का ते बघा. घरात आठ माणसं असतील तर दोन खेपा लागतात. पहिली खेप जाड फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर गरम राहते, पण वरचा कडकपणा थोडा जातो. मे महिन्याच्या दुपारी तर हे भांडं शेगडीवर चढवूच नका, स्वयंपाकघराचीच भट्टी होते.

चवीचं म्हणाल तर गोवरीचा वास यात येत नाही. कोळसा ठेवून तुपाचा धूर देणारे देतात. तो वास वेगळा, उगाच फसगत करून घेऊ नये. पण पदर सुटतात, आणि गरम रोडगा हातानं फोडून वर तुपाची धार सोडली की ताटं लवकर रिकामी होतात. एखादा उरलाच, तर सकाळी कुस्करून गूळ-तुपासोबत खा.